परदेशातून आणलेल्या अपत्याचा ताबा आणि कालावधीचा प्रश्न

विभक्त झालेल्या आई-बापांपैकी एकाने अपत्याला परस्पर दुसऱ्या देशात नेले, तर त्याच्या ताब्याचा निर्णय कोणत्या देशाच्या न्यायालयाने करावा? समजा, परदेशात वाढलेले मूल आईने माझगावात आपल्या माहेरी आणले. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार अज्ञान व्यक्ती जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयास अधिकार पोहोचतो. अशा मुलाचे सामान्य निवासस्थान माझगाव मानावयाचे की सोडून आलेले शहर, येथूनच वादास आरंभ होतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय या दृष्टीने ताडून पाहण्याजोगे आहेत. पहिला पुण्याशी संबंधित आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या न्यायालयाने मुलाचा ताबा आईकडे दिला असताना, भेटीच्या हक्काचा फायदा घेऊन पित्याने जानेवारी १९८६ मध्ये त्यास पुण्यास आणले. आईने थेट सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मूल तिच्या स्वाधीन झाले. दुसऱ्या प्रकरणात आई १९८४ मध्ये तान्हे मूल घेऊन अमेरिकेतून भारतात आली. अमेरिकन न्यायालयाचा आदेश पित्याच्या बाजूचा होता. मुंबईच्या न्यायालयांनीही पित्यासच ताबा दिला. परंतु नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय फिरविले. परकीय आदेश हा विचारात घ्यावयाचा एक घटक होय, अपत्याचे हित मात्र सर्वश्रेष्ठ, असे तत्त्व त्यात मांडले गेले. १९५१ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाचा त्यास आधार होता.

दोन्ही निर्णयांत कसोटी हिताचीच आहे. मग फळ भिन्न का? वस्तुस्थितीतील इतर भेद होतेच. तथापि एकात दहा महिने लोटले होते, तर दुसऱ्यात तेरा वर्षे. मूल एका भूमीत रुजले की त्यास उपटणे अहिताचे ठरते. याचा अर्थ असा की, जो पक्ष काळ लोटवू शकतो, त्याची बाजू कायदा नकळत बळकट करतो.

२५ ऑक्टोबर १९८० च्या हेग कराराचा रोख नेमका येथे आहे. सोळा वर्षांखालील मूल अवैधपणे हलविल्यास, ताब्याच्या गुणदोषांत न शिरता, त्यास नित्य निवासाच्या देशी परत धाडावे. ताबा तेथील न्यायालयाने ठरवावा. वर्षाच्या आत अर्ज आल्यास परतीचा नियम कडक असतो. त्यानंतर मूल नव्या ठिकाणी स्थिरावले आहे काय, हे पाहिले जाते. परतीने मुलास गंभीर धोका संभवत असेल, तर नकार देता येतो.

भारत या कराराचा पक्षकार झालेला नाही. विधि आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये त्याने विधेयकाचाही विचार केला. तरीही एक आक्षेप वजनदार आहे. परदेशी घरातील छळास कंटाळून माहेरी परतलेल्या स्त्रीवर मुलास परत धाडण्याची, किंवा त्याच्यासाठी पुन्हा त्याच देशी जाण्याची सक्ती होईल. करारातील अपवाद मुलास असलेल्या धोक्याविषयी बोलतो. आईवरील अत्याचाराचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परकीय आदेशापुढे अपत्यहितास पुन्हा अग्रस्थान दिले.

हे अग्रस्थान योग्यच होय. परंतु हिताचा विचार वर्षानुवर्षे लांबला, तर निर्णय न्यायाधीश न करता कालगती करते. म्हणून करारात शिरावे वा न शिरावे, ठरावीक मुदतीत चौकशी आणि आईवरील छळाची त्याच चौकशीत दखल, या दोन गोष्टींची तरतूद आपल्या कायद्याने करणे अगत्याचे आहे.