खुंटीआधी भिंतीची जाडी

दाढ काढून चार वर्षं झाली, आता तिथे इम्प्लांट बसवून घेऊ म्हणून माणूस दंतवैद्याकडे जातो आणि ऐकतो, ‘हाड कमी आहे, आधी बोन ग्राफ्ट करावं लागेल.’ जबडा तर धडधाकट आहे, मग हाड गेलं कुठे?

दाताचं मूळ ज्या खोबणीत बसतं, तिथलं हाड दातासाठीच असतं. चावताना पडणारा दाब मुळावाटे त्यात उतरतो आणि त्या दाबावरच ते टिकून राहतं. दात गेला की दाब थांबतो आणि हाड विरत जातं. सर्वांत आधी जाते ती ओठा-गालाकडची भिंत. पुढच्या दातांपाशी ती बहुधा एक मिलिमीटरही जाड नसते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार दात काढल्यावर सहा महिन्यांत हाडाची उंची ११ ते २२ टक्के घटते, तर रुंदी तब्बल २९ ते ६३ टक्के.

साध्या एक्स-रेत नेमकी ही रुंदीच दिसत नाही. जर्मनीचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी १८९६च्या जानेवारीत स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, त्यासाठी त्यांना २५ मिनिटं स्थिर राहावं लागलं. तेव्हापासून तंत्र कितीतरी सुधारलं, पण एक्स-रे ही सावलीच राहिली. दोन्ही जबडे एका पट्टीवर दाखवणाऱ्या ओपीजीतही उंची दिसते, जाडी नाही. शिवाय चित्र मूळ आकारापेक्षा मोठं येतं. भिंतीत खुंटी ठोकायची तर भिंत किती उंच आहे यापेक्षा ती किती जाड आहे, हे आधी पाहावं लागतं. इम्प्लांट ही तशीच खुंटी आहे.

ही जाडी सीबीसीटी नावाचा स्कॅन दाखवतो. इटलीतल्या व्हेरोनाच्या गटाने १९९८ मध्ये या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो, काही सेकंदांत शेकडो चित्रं टिपतो आणि संगणक त्यांतून जबड्याची त्रिमितीय प्रतिमा रचतो. मग काकडीच्या चकत्या कराव्यात तसे तिचे आडवे-उभे छेद पाहता येतात आणि हाड मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजता येतं.

ग्राफ्टचा, म्हणजे हाडात भर घालण्याचा, निर्णय याच मापांवर होतो. इम्प्लांट चार मिलिमीटर जाड आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड, म्हणजे सात मिलिमीटर रुंदी हवी. छेदात ती चारच भरली, तर कुठे आणि किती भर घालायची ते ठरतं. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. तिथे हाड कमी असेल तर तिचं अस्तर अलगद उचलून खाली भर घालतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखलं नाही, तर ओठ बधिर होऊ शकतो. हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून रुग्णाचंच हाड घ्यायचं असेल, तर तिथे ते पुरेसं आहे का, हेही स्कॅनमध्ये पाहता येतं. भर जनावराच्या प्रक्रिया केलेल्या हाडाची किंवा कृत्रिम दाण्यांचीही असते. ती कशाची आहे हे रुग्णाने जरूर विचारावं.

स्कॅनला मर्यादाही आहेत. त्यातल्या करड्या छटांवरून हाडाची घनता खात्रीने सांगता येत नाही. धातूच्या कॅपमुळे चित्रात पट्टे उमटतात. हाडाला रक्त किती मिळतं, तंबाखूने किंवा आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने भरून येण्याची ताकद किती घटली आहे, हे चित्रात दिसत नाही; ते रुग्णाशी बोलूनच कळतं. किरणांची मात्रा साधारणपणे ओपीजीपेक्षा जास्त असते, म्हणून गरज असेल तेव्हाच आणि हवा तेवढ्याच भागाचा स्कॅन करावा.

हाडाचं सर्वाधिक नुकसान पहिल्या काही महिन्यांतच होतं. म्हणून इम्प्लांटचा विचार असेल, तर दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, ‘खोबणीत लगेच भर घालून हाड राखता येईल का?’ गेलेली भिंत पुन्हा उभारण्यापेक्षा असलेली सावरणं सोपं असतं.