पासष्ट हजार मोटारी आणि एक ट्रक

फाट्यावर वडाखाली खुर्ची टाकून बसलेला माणूस तुम्ही कधीतरी पाहिला असेल. मांडीवर वही, गाडी गेली की एक रेघ. चार उभ्या, पाचवी तिरकी. सात दिवस, रात्रंदिवस, पाळ्या लावून हे चालतं. बघणाऱ्याला रिकामटेकडा उद्योग वाटतो. पण रस्ता किती रुंद करायचा आणि किती जाड, हे त्या रेघांतूनच निघतं. गंमत अशी की रेघा त्याच, हिशेब मात्र दोन!

रुंदीच्या हिशेबात बैलगाडीचा मान मोठा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात गावाबाहेरच्या रस्त्यावर एक बैलगाडी म्हणजे ८ मोटारी. ट्रक बिचारा ३ मोटारींचा. बैलगाडी हळू चालते, मागे रांग लावते, म्हणून.

जाडीची गोष्ट अमेरिकेतली. इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधले, ते खराब करून बघायला. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं लष्कराचे जवान त्यांवर ट्रक घेऊन घिरट्या घालत होते. अकरा लाखांवर एक्सल, म्हणजे चाकांचे आस, त्या रस्त्यांवरून गेले. पण रस्ता ‘बिघडला’ हे म्हणायचं कधी? त्यासाठी माणसांना गाडीत बसवून वेगवेगळ्या रस्त्यांवरून फिरवलं आणि शून्य ते पाच गुण द्यायला लावले. मग त्या गुणांची सांगड यंत्राने मोजलेल्या खडबडीतपणाशी आणि भेगांशी घातली. बसणाऱ्याच्या कमरेचं मत असं समीकरणात आलं, हे मला त्या सगळ्या प्रयोगात फार आवडतं.

निष्कर्ष चक्रावणारा होता. नुकसान भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवर भार दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्याकडे सुमारे ८ टनांचा एक्सल प्रमाण धरतात. लहान मोटारीच्या एक्सलवर अर्धा टन धरा. भार सोळापट झाला, आणि सोळाचा चौथा घात ६५,५३६! ट्रकचा एक एक्सल एकदा जातो, तेवढी झीज करायला मोटारींचे पासष्ट हजारांवर एक्सल जावे लागतील. घात कुठे चारहून थोडा कमी भरतो, कुठे जास्त. पण चित्र पालटत नाही. म्हणून तर डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना ३ टनांपेक्षा हलकी वाहनं जमेसच धरत नाहीत. आणि ८ टनांच्या जागी १२ टन लादले, तर झीज दीडपट नव्हे, पाचपट. डागडुजीची पाळी लवकर का येते, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

सरासरीवर इथे फारसं कुणी विसंबत नाही. खालच्या मातीची ताकद जागोजाग तपासतात आणि कमी वर्दळीच्या रस्त्याला असा आकडा घेतात की दहांतल्या आठ जागा त्याच्याइतक्या किंवा त्याहून भक्कम असाव्यात. रस्ता खचतो तो कमजोर जागी. सरासरी जागी नाही.

वेळेचंही तसंच. गणना वर्षातून दोनदा करावी असा दंडक आहे, एकदा सुगी-बाजाराच्या दिवसांत, एकदा मंदीत. उसाच्या पट्ट्यात तो का आहे ते लगेच कळतं. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर फाट्यावरून जात राहतात. मे महिन्यात त्याच वडाखाली बसलात, तर वहीत दुचाक्या, एसटी आणि दुधाचा टेम्पो. ऊस दिसतो तो फक्त साइडपट्टीवर, चिरडून वाळलेल्या चिपाडांत.