मोर्चा रविवारी, हरकत सोमवारी

बेंगळुरूत रविवारची सकाळ उजाडते ती दर्शिनी उपाहारगृहाच्या दारात, उभ्याउभ्या घेतलेल्या फिल्टर कॉफीने. १६ ऑक्टोबर २०१६ चा रविवार मात्र वेगळा होता. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या बळ्ळारी रस्त्याच्या कडेने हजारो माणसं हातात हात गुंफून उभी राहिली. त्यात निवृत्त मंडळी होती, आयटीतली तरुण पोरं होती, सहकुटुंब आलेले लोक होते. बहुतेकांनी त्याआधी कधी मोर्चा काढलेला नव्हता. फलकांवर मागणी एकच होती : ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’. बेडा म्हणजे नको.

नको होता तो विमानतळाच्या वाटेवरचा ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल. त्याचा खर्च होता १,७९१ कोटी रुपये आणि त्यासाठी तोडली जाणार होती ८१२ झाडं. ‘सिटिझन्स फॉर बेंगळुरू’ या नव्याकोऱ्या गटाने हाक दिली आणि शहर घराबाहेर पडलं. २ मार्च २०१७ रोजी सिद्धरामय्या सरकारने प्रकल्प रद्द केला. सामान्य माणसाने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण म्हणून ही कथा आजही सांगितली जाते. मात्र सांगताना तिचा मधला भाग गाळला जातो आणि शिकण्यासारखं नेमकं तिथेच आहे.

लोकांना कुणी विचारलंच नव्हतं, असं झालं नव्हतं. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने ई-मेलवर सूचना मागवल्या होत्या. कोटभर वस्तीच्या शहरातून आल्या जेमतेम तीनशे, आणि त्यातल्या बहुसंख्य पुलाच्या बाजूने. मग हाच जनतेचा कौल म्हणून पुढे करण्यात आला. मला हा आकडा त्या मानवी साखळीहून अधिक बोलका वाटतो. साखळीत उभ्या राहिलेल्यांपैकी दहातल्या एकाने जरी वेळेत चार ओळी पाठवल्या असत्या तरी तो कौल उलटा पडला असता.

साखळीनंतरचं कामही रस्त्यावर झालं नाही. एका नागरिक मंचाने राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नई पीठाकडे धाव घेतली आणि २८ ऑक्टोबरला स्थगिती मिळवली. दरम्यान लाचखोरीच्या आरोपांचीही राळ उठली आणि सरकारला पूल जड वाटू लागला. तेव्हा श्रेय एकट्या साखळीचं नाही. पण साखळी नसती तर लवादापुढची ती याचिका वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर चार ओळींत आटोपली असती, हेही तितकंच खरं. रस्ता आणि फाईल या दोन्हींवर एकाच वेळी दाब आला, म्हणून सरकार हललं.

आणि प्रकरण तिथे संपलं म्हणावं तर तेही नाही. २०१९ च्या आरंभी कुमारस्वामींच्या आघाडी सरकारने तोच पूल पुन्हा उकरून काढला. लोक पुन्हा उभे राहिले, पूल पुन्हा मागे पडला. आता हेब्बाळ ते सिल्क बोर्ड अशा सुमारे १७ किलोमीटरच्या बोगदा-रस्त्याचा घाट घातला आहे. त्यावरून २०२५ मध्ये लालबागेत निदर्शनं झाली. आधी पूल वरून जाणार होता, आता रस्ता खालून जाणार आहे, पण हेब्बाळ काही सुटत नाही. प्रकल्प मरत नाहीत, ते कपाटात जातात. म्हणून एका रविवारच्या पाठिंब्यावर मोहिमेचं भागत नाही.

मग नोकरी, ईएमआय, मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्या माणसाने करायचं काय? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे हरकत. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. ५० हून अधिक झाडं तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याला जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ही मुदत दिवसांत मोजण्याइतकी छोटी असते. ‘झाडे वाचवा, पृथ्वी वाचवा’ अशी हरकत निकालात काढायला अधिकाऱ्याला एक मिनिटही लागत नाही. उत्तर द्यावं लागतं ते नेमक्या हरकतीला : यादीतलं अमुक क्रमांकाचं झाड रस्त्याच्या आखणीत येतच नाही, ते का तोडता? या रेन ट्रीचा घेर यादीत चुकीचा लिहिला आहे. पुनर्रोपण करणार म्हणता, ते कोणत्या जागी आणि पाणी कोण घालणार? असं पत्र लिहायचं तर एकदा टेप घेऊन त्या रस्त्याने चालावं लागतं. ते काम दोन शेजारी एका संध्याकाळी करू शकतात.

छापील मजकुराच्या हरकतींचं काय होतं, तेही पाहून ठेवावं. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा नवा मसुदा आला. पर्यावरणमंत्री होते आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर. त्यांच्या पत्त्यावर एकसारख्या विषयाच्या ई-मेलचा पूर लोटला, तेव्हा ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या तरुणांच्या गटाची वेबसाइट बंद पाडण्यात आली. दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत थेट यूएपीएचं कलम होतं. पुढे ते चुकून पडल्याचं सांगून नोटीस मागे घेतली गेली. दहशतवादविरोधी कायदा चुकून लागतो, हे वाचून हसावं की रडावं ते कळत नाही. पण त्याच मसुद्यावर उपयोगी पडली ती दुसरीच, साधी तक्रार : मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, बाकीच्यांनी वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने तो बावीस भाषांत प्रसिद्ध करायला सांगितलं आणि हरकतींची मुदत वाढवली. भाषांतराच्याच मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयानेही अंतिम अधिसूचना रोखून धरली.

दुसरं हत्यार माहितीच्या अधिकाराचं. कर्नाटकातही महाराष्ट्रासारखाच दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असा नियम आहे. मर्यादा जाचक आहे खरी, पण त्यामुळे प्रश्न नेमका होतो. ‘प्रकल्पाबद्दल सर्व माहिती द्या’ असं विचारणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत द्या’ असं विचारलं तर तीस दिवसांत काहीतरी द्यावंच लागतं.

बेंगळुरूतल्या मराठी माणसाचा एक ठरलेला प्रश्न असतो : आपण बाहेरचे, भाड्याच्या घरातले, आपल्याला कुठे अधिकार? हरकत नोंदवायला मतदार यादीत नाव लागत नाही आणि घर स्वतःचं असावं लागत नाही. माहितीचा अधिकार तर देशाच्या कुठल्याही नागरिकाला आहे. अडचण खरी असते ती सूचना कन्नडमध्ये असण्याची. त्यासाठी शेजारच्या कन्नड काकांकडे जाऊन ती वाचून घेतली तर दोन कामं होतात : सूचना आपल्याला कळते आणि त्यांनाही. शिवाय नगरसेवकाकडे जाऊ म्हणावं तर बेंगळुरू महापालिकेची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजीच संपली. त्यानंतर निवडणूक न होताच २०२५ मध्ये महापालिकेचे पाच तुकडे करण्यात आले. नगरसेवकच नसलेल्या शहरात नागरिकांच्या हरकतीचं वजन वाढतं, निदान वाढायला हवं.

रस्त्यावर उतरायचं तर बेंगळुरूत आता अधिकृत जागा एकच : फ्रीडम पार्क. २०२१ च्या आदेशाने धरणं, मोर्चे, निदर्शनं यांना परवाना सक्तीचा झाला आणि ती या बागेपुरती बांधली गेली. ही बाग म्हणजे जुना मध्यवर्ती तुरुंग. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या बैठकीसाठी बेंगळुरूत आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना आणीबाणी जाहीर होताच पकडून इथे ठेवलं होतं. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई तिकडे येरवड्याच्या तुरुंगात होत्या. ज्या आवारात विरोधकांना कोंडलं, त्याच आवारात विरोधाला परवानगी द्यायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

पकडतील का, ही भीती रास्तच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळी शहरात १४४ कलम लावलं गेलं आणि टाउन हॉलसमोर इतिहासकार रामचंद्र गुहांना पोलिसांनी उचललं. पुढे १३ फेब्रुवारी २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो आदेशच बेकायदा ठरवला. बरोबर एका वर्षाने, १३ फेब्रुवारी २०२१ ला, दिशा रवी या बेंगळुरूच्या तरुणीला शेतकरी आंदोलनाच्या ‘टूलकिट’वरून दिल्ली पोलिसांनी अटक केली. तिला २३ तारखेला जामीन मिळाला. न्याय मिळतो, पण उशिरा, आणि मधले दिवस ज्याचे त्याला काढावे लागतात. म्हणून एकट्याने शूर होण्यापेक्षा परवानगी असलेल्या कार्यक्रमात, ओळखीच्या दहा जणांबरोबर आणि वकिलाचा नंबर खिशात ठेवून जावं. सरकारी नोकरांनी आपले सेवानियम आधी वाचावेत.

पैशाने मदत करणाऱ्यांसाठी एवढंच : पावती आणि हिशेब मागायला लाजू नये. ॲम्नेस्टी इंडिया आणि ग्रीनपीस इंडिया या दोन्ही संस्थांची मुख्यालयं बेंगळुरूत होती. दोन्हींची खाती गोठली आणि २०२० च्या सप्टेंबरात ॲम्नेस्टीला इथलं कामच थांबवावं लागलं. अशा वेळी देशातल्या लोकांच्या छोट्या, नियमित वर्गणीवर चालणारी संस्था तग धरण्याची शक्यता जास्त असते. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी एक फरक ध्यानात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्या मुलीची मात्र ठरते आणि ती घ्यायला संस्थेकडे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते.

राजकीय मोहीम म्हटली की आपल्याला पक्षाचा झेंडा दिसतो. पण उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे आज आपल्याला मतदानाआधी कळतात, त्यामागे काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये लावून धरलेली याचिका आहे. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या या संस्थापकांपैकी त्रिलोचन शास्त्री पुढे बेंगळुरूच्या आयआयएममध्ये शिकवत होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००२ मध्ये आला. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरले तेव्हाही याचिकाकर्त्यांत हीच संस्था होती. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचून मत देणारा मतदार या मोहिमेत सामील असतो.

मध्यमवर्गाला एक मात्र ऐकवायलाच हवं. झाडांसाठी आपण रविवारी उठतो, झाडू मारणाऱ्यांसाठी उठत नाही. बेंगळुरूतले सफाई कामगार, म्हणजे पौरकार्मिक, कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षं झगडत होते. २०२२ च्या जुलैत ते फ्रीडम पार्कमध्ये ठिय्या देऊन बसले, तेव्हा शहराची तक्रार कचरा साचल्याची होती. २०२५ च्या कामगार दिनी बारा हजारांहून अधिक जणांच्या हातात नेमणुकीची पत्रं पडली. ती लढाई त्यांनी जवळजवळ एकट्यानेच लढली. पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हाही पांढरपेशे लांबूनच कौतुक करत होते.

या माणसांना पाठिंबा द्यायचा तर घोषणांची गरज नाही. ओल्या कचऱ्याला हिरवी बादली, फेकून द्यायच्या कचऱ्याला लाल बादली आणि सुक्याला पिशवी, अशी विभागणी कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्येच सक्तीची केली आहे. डायपर आणि फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी दिली तर कुणाचा तरी हात कापायचा वाचतो. हेही मानवी हक्कांचंच काम आहे, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

तुमच्या रस्त्यावर, गावात किंवा वॉर्डात पुढची जाहीर सूचना लागेल तेव्हा तिचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी हरकतीची शेवटची तारीख बघा आणि त्या तारखेआधी स्वतःच्या शब्दांत पत्र देऊन पोच घ्या.