दोन सेनाधिकारी आणि भांडवलाच्या दोन वाटा

७ जून १९४३. पुणे-मिरज लोहमार्गावर, आजच्या कराड तालुक्यातील शेणोली गावाजवळ, रुळांवर दगड रचून एक गाडी अडवण्यात आली. ती उलट दिशेने पळवता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड लोटलेले होते. अडवणाऱ्यांच्या हाती विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब, एवढाच सरंजाम. गाडीत सरकारी नोकरांच्या पगाराची रोकड होती. ती ताब्यात घेऊन मंडळी शिवारात दिसेनाशी झाली. या मोहिमेचे म्होरके होते कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि त्याच गावचे रामचंद्र श्रीपती लाड, ज्यांना सारा मुलूख पुढे 'कॅप्टन भाऊ' म्हणून ओळखू लागला.

या प्रसंगाला कोणी 'लूट' म्हटले तर भाऊंना ते अखेरपर्यंत रुचत नसे. इंग्रजांनी इथल्या माणसांकडून नेलेला पैसा परत आणला, त्यात लूट कसली, असे त्यांचे म्हणणे होते. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पैसा मूळचा कोणाचा, तो कोणाच्या हाती विश्वासाने राहावा आणि त्याचा उपयोग कोणासाठी व्हावा, हे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. भांडवलाच्या शास्त्रालाही शेवटी याच तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

'कॅप्टन' ही भाऊंची पदवी कोणत्याही सैनिकी विद्यालयाने दिलेली नव्हती. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले आणि त्याच्या रक्षणासाठी तुफान सेना स्थापन झाली. गावोगावची तरुण मुले कवायत, व्यायाम आणि शिस्तीचे धडे घेत. त्या सेनेतला हा हुद्दा. तो मिरवण्यासाठी नव्हता, कारण मिरवणाऱ्याच्या डोक्यावर पोलिसांचे बक्षीस लागण्याचीच शक्यता अधिक होती.

त्या काळचा नकाशा समजून घेतला पाहिजे. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. कुंडल हे औंध संस्थानात, सांगली हे पटवर्धनांच्या संस्थानात, तर वाळवा-शिराळ्याचा भाग ब्रिटिश साताऱ्यात. एका बांधावरून पलीकडच्या बांधावर उडी मारली की राज्य बदलत असे, आणि भूमिगतांनी या सरमिसळीचा पुरेपूर लाभ घेतला. १९४९ मध्ये संस्थानी आणि खालसा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.

प्रतिसरकार म्हणजे केवळ रेल्वे अडवणे नव्हे. गावोगावी न्यायदान मंडळे बसत, जमिनीचे तंटे तिथल्या तिथे मिटत, हुंड्याला आणि दारूला बंदी असे, थोडक्या खर्चातले 'गांधी विवाह' लागत. गावगुंडांना आणि खबऱ्यांना मिळणारी तळपायावरची शिक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहिली, आणि त्यावरून 'पत्री सरकार' हे नावही पडले. त्या शिक्षेचे समर्थन अहिंसेच्या चौकटीत बसत नाही, हे इथे नमूद करायलाच हवे. मात्र एवढा कारभार चालवायचा तर पैसा लागतोच. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये मिळवण्यात आले. कुंडलचे जी. डी. बापू आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्या मोहिमेत होते. साडेपाच लाख ही त्या काळी केवढी रक्कम! एवढा पैसा अंगावर वागवणारी ही तरुण मंडळी मात्र भाकरीसाठी कोणाच्या तरी ओसरीवर अवलंबून होती.

इकडे सांगलीत, शेणोलीनंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी, २४ जुलै १९४३ रोजी किल्ल्यातील तुरुंग फोडून पद्माळ्याचे वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार भरदिवसा बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या. दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन तरुण त्या दिवशी कामी आले. पत्रावळे हे आपल्या जैन समाजाचे. मिसरूड फुटण्याच्या वयात गेलेल्या या मुलाचे नाव सांगलीकरांना ठाऊक आहे, पण समाजातील किती घरांत ते नव्या पिढीला सांगितले जाते, याविषयी शंका वाटते.

१९४६ मध्ये वॉरंटे उठली, तुरुंगाची दारे उघडली आणि भूमिगत मंडळी घरी परतली. त्याच वर्षी, सातासमुद्रापार अमेरिकेतील बोस्टन शहरात, दुसऱ्या एका सेनाधिकाऱ्याने युद्धोत्तर आयुष्याचा आरंभ केला. जॉर्जेस डोरियो हे मूळचे फ्रेंच, हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयातील प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याचा पुरवठा विभाग सांभाळताना ते ब्रिगेडियर जनरल झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी काही सहकाऱ्यांसह 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही संस्था काढली. कल्पकता आहे पण तारण नाही, अशा उद्योजकाला बँक कर्ज देत नाही. त्याच्या धंद्यात थेट भागीदार व्हायचे, धंदा वाढला की हिस्सा विकून मोकळे व्हायचे, ही ती कल्पना. आज ज्याला 'व्हेंचर कॅपिटल' आणि 'प्रायव्हेट इक्विटी' म्हणतात, त्या वृक्षाचे हे पहिले रोप. डोरियोंना त्यांचे विद्यार्थी आयुष्यभर 'जनरल' म्हणत, जसे कुंडलचे लोक भाऊंना 'कॅप्टन'.

१९५७ मध्ये डोरियोंच्या संस्थेने 'डिजिटल इक्विपमेंट' या संगणक बनवू पाहणाऱ्या नवख्या कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मालकी घेतली. पुढे त्या हिश्शाचे मूल्य ३५ कोटी डॉलरच्या घरात गेले. जगभरच्या गुंतवणूकदारांचे डोळे दिपले ते या एका व्यवहाराने.

साधारण त्याच सुमारास सांगलीत वसंतदादा शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडून शेतकरी सहकारी साखर कारखान्याचे भाग गोळा करत होते. पुस्तकी शिक्षण बेताचे, पण माणसे वाचण्याची विद्या मोठी. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेला कित्ता समोर होता. तरीही शेतकऱ्याने बैल घ्यायला ठेवलेले पैसे, अजून न उभ्या राहिलेल्या कारखान्यासाठी का द्यावेत? बँकेत तारण म्हणून काय काय स्वीकारायचे याची यादी असते. खांद्यात घेतलेली गोळी त्या यादीत नसते. तथापि त्या काळच्या सांगली-साताऱ्यात तेच सर्वांत भक्कम तारण ठरले. इंग्रजांच्या तुरुंगातून उडी मारणारा माणूस आपले पैसे बुडवणार नाही, हा हिशेब शेतकऱ्याने कागदाविना मांडला.

हीच गोष्ट वाळव्यात आणि कुंडलमध्ये घडली. नागनाथअण्णांनी ऐंशीच्या दशकात उभा केलेल्या कारखान्याला हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत अहिर आणि नानकसिंग हे त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले होते. जी. डी. बापूंनी कुंडलला उतारवयात 'क्रांती' कारखाना उभारला, आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कुंडलच्या मातीला भांडवलाची ही काही पहिली ओळख नव्हती. जवळच्या कुंडल रोड स्थानकालगतच्या ३२ एकर माळावर औंधच्या राजेसाहेबांच्या जमिनीवर आणि कर्जावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना थाटला होता. तेथले नांगर खेडोपाडी विकत फिरलेले एक विक्रेते म्हणजे आपले कर्मवीर भाऊराव पाटील. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, दिले. रयत शिक्षण संस्थेचे ते भागभांडवलच होते. त्यावर लाभांश मागायला मात्र कोणी आले नाही.

आता दोन्ही वाटांची रचना शेजारी ठेवून पाहू. प्रायव्हेट इक्विटी फंड हा साधारणतः दहा वर्षांच्या मुदतीचा असतो. विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, धनाढ्य कुटुंबे त्यात पैसा ठेवतात. व्यवस्थापक प्रथेप्रमाणे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडील नफ्याचा पाचवा हिस्सा घेतात. चार-सात वर्षांत हिस्सा विकून बाहेर पडणे हे त्यांचे कर्तव्यच असते, कारण मूळ गुंतवणूकदाराला पैसे परत द्यायचे असतात. जितके भाग, तितकी मते.

सहकारी कारखान्यात सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. लाभांशावर कायद्याने पंधरा टक्क्यांची मर्यादा. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताची आठवण व्हावी अशी ही तरतूद आहे, फरक एवढाच की व्रत स्वेच्छेचे आणि ही सक्तीची. भाग बाजारात विकता येत नाही. राज्य सरकार भागभांडवल घालते, कर्जाला हमी देते. आणि वाढीसाठी पैसा हवा असेल तर उसाच्या बिलातून टनामागे ठेव कापली जाते, तिच्यातही 'परतीची' आणि 'बिनपरतीची' असे दोन प्रकार. बिनपरतीची ठेव हा शब्दप्रयोग ऐकून कोणताही हिशेबनीस दचकेल. जी परत मिळणार नाही तिला ठेव का म्हणावे? परंतु या अशा कपातींतूनच रस्ते, शाळा, उपसा सिंचन योजना आणि महाविद्यालये उभी राहिली, हेही तितकेच खरे.

फंडाचा पैसा निघून जाण्यासाठीच येतो, सभासदाचा पैसा निघूच शकत नाही. पहिल्याचा दोष उघड आहे, दुसऱ्याचा मुरलेला. ज्याला भाग विकून बाहेर पडता येत नाही, त्याने सभेत प्रश्न विचारले पाहिजेत. संस्थापकाच्या पुण्याईकडे पाहून दोन पिढ्यांनी ते विचारले नाहीत. ज्या कारखान्याची गणना एकेकाळी आशियातील मोठ्या साखर कारखान्यांत होत असे, तो दादांच्या नावाचा सांगलीचा कारखाना कर्जाच्या ओझ्याखाली आला आणि २०१७ मध्ये खासगी कंपनीला भाड्याने द्यावा लागला. खासगी भागधारकांच्या बँकाही तगल्या असे नाही. साताऱ्याची १९३६ पासूनची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, आणि सांगलीची १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. डोरियोंची संस्थासुद्धा १९७२ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहात विरून गेली.

या दोन वाटा एकमेकींना छेदू शकतात का? नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने तसा एक प्रयोग केला आहे. ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी. कायद्याने अशा कंपनीत शेतकऱ्याखेरीज कोणाला भागधारक होता येत नाही. म्हणून तिने काढणीपश्चात प्रक्रियेसाठी वेगळी उपकंपनी ठेवली आणि २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी त्या उपकंपनीत ३१० कोटी रुपये घातले. घराचा उंबरा शेतकऱ्याचा, ओसरीवर पाहुण्याला जागा. पाहुणा निरोप घेईल तेव्हा त्याचा हिस्सा कोण आणि कोणत्या भावाने घेणार, हे करारातले खरे कलम. साखरपट्ट्यातील ज्या संचालक मंडळांना बाहेरचे भांडवल हवे आहे, त्यांनी इतर सर्व पाने बाजूला ठेवून आधी तेवढेच पान वाचावे.

कॅप्टन भाऊ हे सारे बदल कुंडलमध्ये राहून पाहत होते. त्यांनी कारखाना काढला नाही की मंत्रिपद भूषवले नाही. नव्वदी ओलांडल्यावरही आवाज खणखणीत, शेणोलीच्या आठवणी ताज्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांची कहाणी महाराष्ट्राबाहेर नेली. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, शंभरीच्या उंबरठ्यावर, भाऊंचे निधन झाले.

शेणोलीला रुळांच्या कडेला त्या घटनेचे छोटे स्मारक आहे. कुंडल-वाळवा भागात आजही अनेक घरांतल्या पेटीत आजोबांच्या नावाचा भागाचा दाखला जपून ठेवलेला असतो. त्याचे मूल्य किती, हे घरात फारसे कोणी सांगू शकत नाही. आजोबा गेल्यावर तो वारसाच्या नावे करून घ्यायचा असतो, आणि दिवाळीच्या आधी तो नंबर दाखवून सभासदाची सवलतीची साखर आणायची असते.