देवाचे सान्निध्य व आत्मिक जीवन

श्वासोच्छ्वास चालू आहे तोवर मनुष्य जिवंत, हे लहान मूलही सांगेल. परंतु आत्मा जिवंत आहे की नाही, हे मंडळीच्या पटावरील नावावरून ठरत नाही. आम्हां पुंडलिकनगरात राहणाऱ्यांस हे नळाच्या तोटीने शिकविले आहे. आमच्या शहरास पाणी पैठणजवळच्या जायकवाडी जलाशयातून येते, आणि वर्षानुवर्षे कित्येक घरी ते काही दिवसांच्या अंतराने आले. तोटी पितळेची, घासून लखलखीत केलेली. परंतु जलाशयाशी असलेला तिचा संबंध खंडित झाला की तिच्यातून निघते केवळ हवा, व तीही मोठा आवाज करून! उपासनेत हा आवाज पुष्कळ वेळां भक्ती समजला जातो, ही गोष्ट निराळी.

पंडिता रमाबाईंनी इ. स. १८८३ त इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. बालपणापासून शास्त्राध्ययन झालेले, संस्कृतावर असामान्य प्रभुत्व. पुढे १८८९ त मुंबईस शारदासदन स्थापून त्यांनी विधवांच्या शिक्षणास वाहून घेतले. इतके असूनही, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस कळून आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे निःसंकोचपणे लिहिले. विद्वत्तेची उणीव नव्हती, सत्कृत्यांची तर नव्हतीच. मग उणीव कसली? आमच्या मते सान्निध्याची. ज्याच्याविषयी पुष्कळ वाचले, त्याच्यापाशी बसणे राहिले होते.

पुढे दुष्काळात निराश्रित झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आल्या. त्यांस अन्न, वस्त्र, शिक्षण देणाऱ्या बाईंस कामाचे ओझे काय थोडे होते? तरी १९०५ च्या आरंभी त्यांनी नित्य प्रार्थनेसाठी सोबती मागितले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. त्याच वर्षी तेथे मोठी आत्मिक जागृती झाली. आम्ही विद्यार्थी मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीच गुडघे टेकतो, आणि निकाल लागल्यावर देवास सुट्टी देतो!

प्रार्थना नीरस वाटण्याचे दिवसही येतात. अशा वेळी कित्येक जण ती सोडून देतात, व मन पुन्हा प्रसन्न होण्याची वाट पाहतात. आमचा अनुभव असा की, त्याच वेळी नेमलेल्या घटकेस, शब्द न सुचले तरी, बसून राहावे.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांस ऐकू येणे फार कमी झाले होते, आणि जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. हाती पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम होते. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, तोवर भाषांतर पुरे झाले होते. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात ते छापले गेले.