घराण्यात चालत आलेले

आम्हा गवयांच्या घरी ‘घराण्यातून आले’ हे शब्द अभिमानाने उच्चारले जातात. वडील विलीनीकरणापूर्वी बडोद्याच्या दरबारात गात. त्यांचा आवाज मला मिळाला असे वृद्ध मंडळी म्हणतात, तेव्हा मी खरेखोटे न पाहता नमस्कार करतो. पण रक्तातून आवाजच तेवढा येतो असे नाही.

वुडी गथ्री हा अमेरिकेतील ओक्लाहोमाचा लोकगायक, जन्म १९१२. त्याची आई वेडी ठरली. १९२७ साली तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले आणि १९३० साली ती वारली. पुढे मुलाचाही तोल जाऊ लागला, तेव्हा लोक म्हणाले, दारू. रोगाचे खरे नाव १९५२ साली कळले : हंटिंग्टन. १९६७ साली, पंचावन्नाव्या वर्षी तो गेला. नंतर त्याच्या दोन मुलीही ह्याच रोगाने गेल्या.

हंटिंग्टन हा बावीस वर्षांचा डॉक्टर. त्याने १८७२ साली ह्या रोगाचे वर्णन केले. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर, आणि लाँग आयलंडवरील त्याच कुटुंबांना तपासत आलेले. म्हणजे तीन पिढ्यांची तालीम तेथेही होतीच! रोगाच्या जुन्या नावातला ‘कोरिया’ हा शब्द ग्रीक, अर्थ नृत्य. मला तो पटत नाही. नृत्याला सम असते. ही हालचाल हातातून खांद्यात, खांद्यातून चेहऱ्यात कशीही सरकते, आणि रोग्याच्या इच्छेला तेथे ठाव नसतो. मागाहून मन व बुद्धीही खचतात.

आईबापांपैकी एकाला हा रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा. ज्याला तो दोष मिळालाच नाही, त्याच्याकडून पुढे जात नाही. स्पर्शाने तर मुळीच होत नाही. कारणीभूत जनुक १९९३ साली सापडले. रक्ताच्या तपासणीने आता आधी कळू शकते. मात्र रोग मुळातून बरा करणारे औषध नाही, म्हणून पुष्कळजण तपासणी नको म्हणतात. तो त्यांचा अधिकार आहे. लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतात, लग्ने-मुले होऊन गेल्यावर. आणि घर मुके होते.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या आईला हा आजार आहे. (तिच्या संमतीने लिहितो.) गल्लीत कोणी म्हणे अंगात येते, कोणी म्हणे बाई चोरून पिते. हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले. आजीने तर माउलीला मागच्या खोलीत बसवून दार लावायची सवयच करून घेतली होती, नातीचे लग्न व्हावे म्हणून! त्या म्हातारीला बोल लावणे मला जमत नाही.

गेल्या मार्गशीर्षात स्थळ आले, तेव्हा मुलीने ते दार स्वतः उघडले, आईला बाहेर आणून बसवले आणि रोगाचे नाव सांगितले. आपली तपासणी केलेली नाही, हेही सांगितले. मंडळी चहा न घेता उठली. आता दुसरे स्थळ आले आहे. त्या मुलाने सगळे ऐकून घेतले, आईशी चार शब्द बोलला आणि महिन्याचा अवधी मागून गेला.