पंप पर्समध्ये नको, हातात हवा
(लेखमाला ‘नऊ महिने’ : भाग ७)

मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग नोव्हेंबरात सकाळी धुक्यात बुडालेला दिसतो. पण त्या धुक्याला धुराचा वास असतो. जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादही. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी घालणारा लवादाचा आदेश एप्रिल २०१५ मधला. तरीही दरवर्षी हिवाळ्यात इथली हवा छातीत घरघर आणते.

अशा हवेत आलेल्या पाचव्या महिन्यातल्या दमेकरी लेकीसुनेची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कारण घरून निघताना तिला मायेनं बजावलेलं असतं, “दिवस गेलेत, आता पंप बंद कर. बाळाला लागेल.”

लागतं ते पंपानं नव्हे, झटक्यानं. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून त्याच्यापर्यंत पोचतो. आईला धाप लागली की त्याचाही वाटा घटतो. दमा आटोक्यात नसेल तर बाळ वेळेआधी जन्मण्याचा, कमी वजनाचं होण्याचा आणि आईचा रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो.

‘स्टेरॉइड’ या शब्दाला मात्र सगळे बिचकतात. रोजच्या पंपातलं बुडेसोनाइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकांत जातं. गरोदरपणाच्या सुरुवातीला ते घेतलेल्या आयांच्या दोन हजारांवर बाळांच्या नोंदी स्वीडनमध्ये तपासल्या, १९९९ साली. जन्मजात व्यंगांचं प्रमाण एरवीपेक्षा वाढलेलं दिसलं नाही.

गरोदरपणात साधारण एकतृतीयांश जणींचा दमा बळावतो, तितक्याच जणींचा निवळतो, बाकीच्यांचा आहे तसाच राहतो. आपली गत कोणती होईल हे आधी कळत नाही, म्हणून दर तपासणीला दम्याचीही विचारपूस व्हायला हवी. जिना चढताना दम लागणं या दिवसांत नेहमीचंच. पण रात्री खोकल्यानं जाग येत असेल, छातीतून शिट्टी वाजत असेल, तर तो दमा समजा.

पंप घेण्याची रीतही पाहून घ्या. हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, तोंडानं नळी घट्ट धरा, एकदा दाबा आणि सावकाश आत ओढा. मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. रोजच्या पंपानंतर चूळ भरा. आरामाचा पंप घेऊनही चैन पडत नसेल, एक वाक्य सलग बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर वाफ, ओवा करत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

डॉक्टर बदलला की पहिलं वाक्य, “मला दमा आहे.” रक्तदाबावर सर्रास दिलं जाणारं लॅबेटालॉल आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं कार्बोप्रोस्ट, ही दोन्ही औषधं दमा उसळवू शकतात. त्यांना पर्याय आहेत, पण डॉक्टरांना आधी कळायला हवं. कळांच्या वेळीही पंप चालूच ठेवायचा, आणि अंगावर पाजतानाही. बाळंतपणाची पिशवी भरताना दुपट्यांच्या खाली नको, वरच्या कप्प्यात ठेवा.